बर्फाळ डोंगरासाठी गाडी कशी निवडावी

हिमाचलात मनालीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात चिखल असतो आणि हिवाळ्यात बर्फ. अशा मुलखासाठी गाडी निवडताना आधी रंग पाहण्याचा प्रघात आहे. मग टपावरचे दिवे, मग मागच्या काचेवरचे स्टिकर. यातून वेळ उरलाच तर टायर.

फोर बाय फोर गाडी चारही चाकांच्या जोरावर चढ चढते, यात वाद नाही. ब्रेक मात्र साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांनाच असतात. त्यामुळे बर्फावर थांबायची वेळ आली की लाखोंचा फरक तिथल्या तिथे फिटतो. तिथे कामाला येतात थंडीतही मऊ राहणारे हिवाळी टायर, नाहीतर चाकाला बांधायची साखळी. साखळी बांधताना हात काळे होतात आणि फोटोही बरा येत नाही, म्हणून ती घरीच राहते. तीव्र उतारासाठी लो-रेंज गिअर असतो. त्याचा दांडा बहुतेक गाड्यांत शोरूममधून आला तसाच कोरा राहतो.

२०२० साली अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलला जायला रोहतांग खिंड चढायची गरज उरली नाही. तरीही हौशी मालक पक्का रस्ता सोडून नाल्यात उतरतोच. पुढची निवड सोपी असते: जवळ जो ट्रॅक्टर मिळेल तो.