आरमार

ज्याच्याकडे जुनी मोटर यॉट आहे असा माणूस ओळखायला समुद्रावर जावं लागत नाही. लोहार चाळीत जावं. भर दुपारी हातगाड्या चुकवत, रुमालात बांधून आणलेला जळका बल्ब काउंटरवर ठेवून "अस्साच द्या, बारा व्होल्टचा" म्हणणारा साठी उलटलेला गृहस्थ दिसला, की समजावं. दुकानदार विचारतो, "गाडीचा का?" गृहस्थ दुखावतो. "गाडीचा नाही. यॉटचा." त्यावर दुकानदार तोच बल्ब दुसऱ्या खोक्यातून काढतो आणि तिप्पट भाव सांगतो. गृहस्थ आनंदाने देतो. इतकी वर्षं नोकरी करून शेवटी कोणीतरी आपल्याला ओळखलं, असा तो आनंद असतो.

आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांना पाठीमागे 'आरमार' म्हणतात आणि तोंडावर 'कमोडोर'. नौदलाशी त्यांचा संबंध नाही. आयुष्यभर त्यांनी भिंतींचे रंग विकले. निवृत्तीच्या पैशातून लोक दापोलीकडे कलमं लावतात. आरमारांनी ४२ फुटी, फायबरची, चाळिशी गाठलेली, तीन मालकांच्या हाताखालून गेलेली यॉट घेतली. ती गेटवेसमोर पाण्यात बांधलेली असते, म्हणजे बोटीवर जायला आधी दुसरी बोट करावी लागते. धक्क्यावरून वीज घ्यायची सोय नाही. जी काही वीज आहे ती बॅटरीत, आणि ती बॅटरीतून दिव्यापर्यंत पोचते की नाही, हाच आरमारांच्या निवृत्त आयुष्याचा विषय.

बोट चालते, हे मुद्दाम सांगायला हवं. इंजिनं दोन आहेत आणि दोन्ही पहिल्या फटक्याला सुरू होतात. त्यांच्याबद्दल आरमार कधी चकार शब्द काढत नाहीत. जे बिघडत नाही त्यात त्यांना रस नाही.

दिव्यांचं शास्त्र मात्र तोंडपाठ. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, वर डोलकाठीवर आणखी एक पांढरा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवलेलं. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसला पाहिजे, मागचा १३५ अंशांत. बेरीज बरोबर ३६०. पाहुणे जेवायला बसले की आरमार पापडाचे तीन तुकडे करून हे दाखवतात. तुकडे अगदी नेमके पडतात. बोटीवर त्या तिघांपैकी एक लागतो, आणि तो कोणता हे त्या दिवसावर असतं.

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हे दिवे हवेतच. त्यामुळे आमच्या सहली ठरलेल्या: सकाळी निघायचं, मांडव्याला जेवायचं, चारच्या ठोक्याला परत फिरायचं. "सूर्यास्त मी चौपाटीवरून बघते," वहिनी म्हणतात. "बोट घेतल्यापासून बोटीवरून एकही बघितला नाही."

आता या अंधाराला जबाबदार कोण? आरमारांकडे उत्तर तयार आहे: आधीचा मालक. या आधीच्या मालकाला कुणी पाहिलेलं नाही, पण पॅनेलचं दार उघडलं की तो भेटतो. मूळ कारखान्याच्या रंगीत वायरी, त्यांच्यावर दुसऱ्याने ओढलेल्या काळ्या, त्यांच्यावर तिसऱ्याने डकवलेली चक्क स्पीकरची वायर. सांधे पिळून टेप मारलेले. टेपचा दमट हवेत चिकट काळा राब झालेला. 'फ्रिज' लिहिलेलं बटण दाबलं की पुढचा लाल दिवा लागतो. फ्रिज बोटीवर नाही. 'स्पेअर' दाबलं की काहीतरी कुठेतरी गुरगुरतं, आणि ते काय हे आजवर सापडलेलं नाही. एकदा तर काचेच्या फ्यूजभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली निघाली. तेव्हा मात्र मीही आधीच्या मालकाला दोन शब्द ऐकवले. फ्यूज उडतो तो वायर पेटू नये म्हणून. घराला आग लागली तर माणूस जिना उतरून रस्त्यावर येतो. प्राँग्सच्या खडकाजवळ तो उतरणार कुठे?

शोधमोहीम दर रविवारी असते. आरमार गुडघ्यावर बसतात, कपाळाला टॉर्च बांधतात आणि डिजिटल मीटर काढतात. मीटरवर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा वहिनींवरही नाही. दिव्याच्या होल्डरला टोकं लावली: १२.६. "बघा! पूर्ण व्होल्टेज येतंय. म्हणजे बल्बच खराब." नवा बल्ब लावला. लागला नाही, आतली तार जराशी लाल झाली, एवढंच. "म्हणजे होल्डर." होल्डर बदलला. "म्हणजे बटण." बटण बदललं. विकत घेता येतील तेवढ्या सगळ्या गोष्टी बदलून झाल्या, की आरमार घाम पुसत आधीच्या मालकाच्या स्वभावाकडे वळतात.

बोटीवर एक तांडेल आहे, रेवसचा. तो हे सगळं सुकाणूला टेकून बघत असतो. मध्येच एकदा म्हणतो, "शेट, मायनस बघा."

"मायनस कोण बघतं!" आरमार म्हणतात.

हे वाक्य सोडून द्यायचं नाही, कारण या जमातीचं सगळं मर्म त्यात आहे. हे लोक प्लसवाले असतात. बॅटरीतून निघून फ्यूजमधून, बटणातून दिव्यापर्यंत येणारी वीज त्यांना दिसते, तिच्या वाटेवर चकचकीत वस्तू असतात, वस्तूंना दुकानं असतात. दिव्यातून परत जाणारी वीज कुणाच्या खिजगणतीत नसते. मोटारगाडीत तिला पत्र्यातून परत जाता येतं. फायबरची बोट वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची परतीची वायर वेगळी ओढावी लागते. या सगळ्या वायरी कुठेतरी खाली, ओलसर कोपऱ्यात, एका पितळी पट्टीवर स्क्रूने येऊन बसतात. तिथे खारी हवा पोचते, आरमार पोचत नाहीत, कारण त्यासाठी पोटावर झोपावं लागतं.

आणि मीटर? मीटर खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. त्याला स्वतःला वीज जवळजवळ लागतच नाही. कुजलेल्या वायरीचा एक धागा जरी शाबूत असला तरी ते बिनधास्त १२.६ दाखवतं. २५ वॅटचा दिवा लावला, त्याने दोन अँपियर मागितले, की त्या एका धाग्याची छाती होत नाही. घरी २३० व्होल्टवर तेवढाच दिवा अँपियरचा नववा हिस्सा घेतो. सांध्यात अर्धा ओहम गंज असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. बोटीवर तोच अर्धा ओहम एक अख्खा व्होल्ट खातो. असे दोन सांधे असले की दिव्याला दहा व्होल्ट उरतात, आणि दहा व्होल्टवर साध्या तारेच्या बल्बचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. संडासाचा पंप चालू केला की केबिनमधले दिवे माना टाकतात, त्याचंही कारण हेच: दोघांची परतीची वाट एक आणि ती अरुंद. पाहुण्यांमुळे मात्र संकोचाचा प्रसंग येतो. आत कोण गेलंय आणि काय करतंय, हे बाहेर सगळ्यांना दिव्यांवरून कळतं.

मध्ये एलईडीचं पर्व येऊन गेलं. लॅमिंग्टन रोडवरून पांढऱ्याशुभ्र एलईडी आणून आरमारांनी सगळीकडे बसवल्या. हिरव्या काचेतून उजेड निळसर पडला, लाल काचेतून गुलाबी. समुद्रावर गुलाबी दिव्याला काही अर्थ नसतो. एलईडी रंगीत काचेमागे लावायची तर त्याच रंगाची लावावी लागते, हे लोहार चाळीतल्या पोऱ्यालाही ठाऊक होतं. शिवाय त्या लागल्या की रेडिओच्या चॅनल १६ वर खरखर सुरू व्हायची, आणि बटण बंद केलं तरी त्यातली एक मिणमिणत राहायची. ओल्या सांध्यातून झिरपणारी एवढीशी वीज तिला पुरत होती. आरमारांना हे कोडं इतकं आवडलं की महिनाभर त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर असते, तेव्हा पॅनेल घरी येतं आणि जेवणाच्या टेबलावर राहतं. याच दिवसांत स्वयंपाकघरातली ट्यूब गेली, तर आरमार इलेक्ट्रिशियन बोलावतात. "२३० व्होल्ट आहे, आपण हात लावू नये," ते गंभीरपणे सांगतात.

शेवटी एका संध्याकाळी आरमार खाली पॅनेलला मीटर लावून बसले असताना तांडेलाने स्वतःचं यंत्र काढलं. एक होल्डर, त्यात बल्ब, बाहेर लोंबणाऱ्या दोन लांब वायरी. दिव्याच्या टोकांना लावलं: बल्ब नुसता तांबूस. मग त्याने प्लसची वायर तशीच ठेवली आणि मायनसची ओढत नेऊन थेट बॅटरीला टेकवली. बल्ब लख्ख. "मायनस," तो म्हणाला. पोटावर झोपला, हात आत घातला आणि हिरवं पडलेलं एक टोक ओढून बाहेर काढलं. ते त्याच्या हातातच तुटलं. हिरवेपणा संपेपर्यंत त्याने वायर छाटली, कल्हईच्या वायरीचा नवा तुकडा जोडला, टोकाला थिंबल दाबलं, पट्टी कानशीने घासून उजळली, वरून व्हॅसलीन फासलं. आजीच्या तांब्याच्या पातेल्याला जी कल्हई लागायची तीच बोटीच्या तांब्यालाही लागते. बिनकल्हईची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी होत जाते.

आरमारांनी बटणं दाबली. लाल, हिरवा, मागचा, वरचा. सगळे. खोपट्याएवढ्या केबिनमध्ये वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. समोर प्राँग्सचं दीपगृह १८७५ पासून लावतात तसं त्या दिवशीही लागलेलं होतं, पण आज पहिल्यांदा आम्ही त्याच्याकडे बरोबरीने बघत होतो. आणि आरमारांचा चेहरा उतरला. ते पुढे गेले, मागे आले, एकेक काच बोटाने पुसली, पॅनेलचं दार उघडून बंद केलं. कुणीतरी शब्दकोडं सोडवून समोर ठेवल्यावर होतो तसला तो चेहरा मला समजेना, वहिनींना समजला. "आता हे काय करणार?" त्या माझ्या कानात म्हणाल्या.

परतताना डिंगीत आरमारांनी विचारलं, "पुढच्या केबिनमधला तो कोपऱ्यातला दिवा तुम्हाला जरा पिवळट नाही वाटला?"

सध्या ते संपूर्ण वायरिंग नव्याने करताहेत, स्वतःच्या हाताने. जुन्या वायरी, तांडेलाने जोडलेल्या तुकड्यासकट, काढून टाकल्या. कल्हईची वायर महाग पडते म्हणून लोहार चाळीतून घराची वायर आणली आहे, दोन रंगांत, कारण त्या दिवशी दुकानात दोनच रंग होते. सांधे पिळून वर टेप मारतात. 'फ्रिज' लिहिलेलं बटण आता मागच्या दिव्याला जोडलंय आणि ते कुठे लिहून ठेवायची गरज नाही, कारण लक्षात आहे. ही बोट आज ना उद्या विकायला निघेल आणि जाहिरातीत 'वायरिंग संपूर्ण नवीन' असं असेल. तुम्हाला घ्यायची असेल तर जरूर घ्या, इंजिनं उत्तम आहेत. फक्त तांडेलासकट घ्या.