गारपिटीला टाळ्या

पुतणीने तिकीट काढलं म्हणून मुंबईला विवाल्दी ऐकायला गेलो. 'चार ऋतू'. त्यातल्या 'वसंता'चा पहिला भाग संपला, मला आवडला, मी टाळी वाजवली. एकच. दुसरी वाजायच्या आत पुढच्या रांगेतल्या तीन माना मागे वळल्या. पुतणीने माझा हात धरून मांडीवर ठेवला, लहान पोराचा ठेवतात तसा. "काका, तिन्ही भाग संपल्यावर."

मी अवसरी बुद्रुकचा. यात्रेतल्या तमाशात गौळणीला शिट्टी आली नाही, तर ढोलकीवाला वाकून बघतो, लोक आहेत की गेले. त्यामुळे हे सोवळं जड गेलं. बरं, दोन भागांच्या मधे या मंडळींना जो खोकला येतो! अर्धं सभागृह दमेकरी. टाळीला बंदी, खोकल्याला मोकळं रान.

घरी येऊन वाचलं, तर विवाल्दी स्वतः पाद्री. 1703 पासून व्हेनिसच्या एका अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवायचा. मुली जाळीआडून वाजवायच्या, जागा चर्चची, म्हणून टाळी वर्ज्य. मग ऐकणारे खोकून, घसा खाकरून दाद द्यायचे. म्हणजे पुढच्या रांगेतले परंपरेला धरूनच होते. त्यांना ठाऊक नव्हतं इतकंच. तेव्हा संगीत ऐकताना गप्प बसायचं, हेही कुणाच्या गावी नव्हतं. टेलेमान नावाच्या त्याच काळातल्या संगीतकाराने 1733 साली चक्क पंगतीत वाजवायचं संगीत छापून विकलं. आपल्या मंगल कार्यालयातली सनई घ्या. ती वाजत असते, जिलबी फिरत असते, मान कुणी वर करत नाही. उद्या तिलाच काळा कोट चढवून मंचावर बसवा, आम्हीही श्वास रोखून ऐकू. आणि मधे खोकू.

असो. 'उन्हाळ्या'चा शेवटचा भाग आला. व्हायोलिनं अशी सुटली, की घाटात बैलगाडा सुटावा. भिर्रर्र अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. वाजवून झालं आणि अख्खं सभागृह उभं. त्याच तीन माना आता 'ब्राव्हो, ब्राव्हो' करत होत्या. मीही वाजवल्या टाळ्या, मगाचच्या धरून.

पण हे चार ऋतू 1725 साली ॲमस्टरडॅमला छापले, तेव्हा सोबत कविताही छापल्या होत्या. कुठे काय चाललंय ते त्यात सांगितलंय. 'उन्हाळ्या'त एका जागी स्वरांच्या वरच लिहिलंय, गावकऱ्याचं रडणं. पुढे त्याची भीती खरी होते. गारा पडतात, उभं पीक झोडपून निघतं. ज्याला लोक उभे राहिले, ते हे.

परवा संध्याकाळी ओसरीवर तात्यांना मोबाइलवर तेवढाच भाग लावून दिला. त्यांचा कांदा काढणीला आलाय. तात्या तंबाखू मळत ऐकत होते. मधेच अंगठा थांबला. एकदा आभाळाकडे बघून घेतलं.

"काय झालं रं ह्यात?"

"गारपीट. सगळं पीक गेलं."

"आन् माणसं?"

"उभं राहून टाळ्या वाजवल्या."

तात्यांनी तळहातावरचा चुना झटकला.

"पंचनामा झाला का?"