नेम कोर्टावर

न्यूयॉर्क राज्यात नेमबाजांची एक जुनी संघटना आहे: न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन, १८७१ पासूनची. काम काय, तर नेमबाजीला उत्तेजन द्यायचं, बंदूक नीट हाताळायला शिकवायचं आणि सरकारला कोर्टात खेचायचं. अलीकडे तिचा नेम या शेवटच्या प्रकारातच जास्त अचूक लागतो.

न्यूयॉर्क शहराचा एक नियम होता. घरी पिस्तूल ठेवायचा परवाना असणाऱ्याने ते सरावाला न्यायचं तर शहरातल्याच सात रेंजवर. हद्दीबाहेरच्या स्पर्धेला? नाही. पेटीत, कुलूप लावून, गोळ्या काढून? तरी नाही. जनतेच्या सुरक्षेचा प्रश्न! संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने प्रकरण ऐकायचं ठरवलं, आणि शहराने लगबगीने नियमच बदलला. २०२० मध्ये खटला निकालात निघाला. सुरक्षेचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

संघटना पुन्हा आली ती १९११ पासूनच्या परवाना पद्धतीवर नेम धरून. पिस्तूल लपवून बाळगायचं तर 'रास्त कारण' द्या. रास्त काय, ते साहेब ठरवणार. साहेबाची मर्जी काय असते, हे मराठी वाचकाला शिकवायला नको. असा परवाना आपल्याकडे आहे, हे डोनाल्ड ट्रम्प स्वतः सांगत. ब्रॉन्क्समधल्या फाटक्या माणसाच्या खिशात पिस्तूल सापडलं तर मात्र थेट बेड्या. म्हणून ब्रॉन्क्स-ब्रुकलिनच्या गरिबांचे खटले फुकट लढवणारे वकील चक्क बंदूकवाल्यांच्या बाजूने न्यायालयात लेखी म्हणणं घेऊन गेले. पुरोगामी मंडळींना हा तपशील नेमका आठवत नाही.

२३ जून २०२२ ला निकाल लागला, संघटनेच्या बाजूने, सहा विरुद्ध तीन. त्याच राज्यातल्या बफेलोच्या सुपरमार्केटात गोळीबारात दहा माणसं मारली गेल्याला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस म्हणाले, बंदुकीवरचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे. आजच्या पिस्तुलाचा खटला, आणि कीस पाडला तो १३२८ च्या इंग्रजी कायद्याचा!

राज्यही कमी नाही. आठ दिवसांत नवा कायदा: 'रास्त कारण' गेलं, पण बागा, नाट्यगृहं, सबवे, दारूचे गुत्ते, सगळीकडे पिस्तुलाला बंदी. परवाना घ्या, फक्त तो घेऊन कुठे जाऊ नका. टाइम्स स्क्वेअरमध्ये तशा पाट्याही लागल्या.

संघटनेने पुन्हा दावा ठोकला.