उफराटी घासाघीस

सॅन होजे, रविवार रात्र

ती. स्व. आईंना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गराजमध्ये रात्री-अपरात्री खुडबूड कसली चालते?" चिरंजीव समोरच बसले होते, म्हणून "काही नाही" म्हटलं. आता सविस्तर लिहिते.

शेजारचे आजोबा मुलीकडे राहायला निघालेत. जन्मभर चिपांच्या कारखान्यात नोकरी, त्यामुळे घरभर जुने कॉम्प्युटर. त्यांनी यांच्यापुढे एक खोकं सरकवलं : "बघ, काय देतोस." आत एक कमोडोर 64, एक अमिगा 500 आणि बिस्किटाच्या डब्यात सुट्या चिपा. झालं! तीन रात्री भाव काढणं चाललं होतं. आमच्या पत्रिका जुळवताना तुम्हीसुद्धा इतकी आकडेमोड केली नसेल.

मी म्हटलं, इंटरनेटवर एकाने असल्याच कमोडोरचे 400 डॉलर सांगितलेत. तर मलाच शिकवणी! "तो मागायचा भाव. आपण सुटायचा भाव बघायचा." म्हणजे खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू कितीला गेल्या, ते हुडकायचं. शिवाय "चालू करून पाहिलेलं नाही" असं कुणी लिहिलं असेल, तर पाहिलंय आणि चालत नाही, असं समजायचं.

आई, मला सारखी तुमची बोहारीण आठवत होती. तुमचा शालू तिने उजेडात धरला तो विरलाय का बघायला, पण डोळा होता जरीवर. इथेही तेच. डब्यात 1995 सालच्या जातीचा एक पेंटियम प्रो निघाला. सिरॅमिकचा, जड, पालथा केला की सोनेरी टाचण्यांची नुसती रांगोळी. भंगारवाले तो सोन्यासाठी वजनावर घेतात, त्यामुळे चालो न चालो, त्याला भाव आहेच. कमोडोरमधली 6581 नावाची आवाजाची चिप आता बनत नाही. म्हणून लोक बंद पडलेलं यंत्र घेतात आणि तेवढी चिप काढून घेतात. काठपदर उतरवून साडीचं पायपुसणं करावं, तसं.

अमिगाचं पोटाकडचं झाकण उघडलं, तर मेमरीच्या कार्डावर हिरवट पूड. घड्याळाची बॅटरी वयोमानाने पाझरली होती. "कळकलंय," मी म्हटलं. माझ्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर आणि जुना टूथब्रश नेऊन हे तासभर घासत बसले. खालून तांब्याची एक रेघ खाल्लेली निघाली. 20 डॉलर वजा. ती जोडायची तीही कथलाने! एवढं शिकवलंत आणि लेक शेवटी कल्हईवाला झाला.

हिशोब 260 वर आला. मी पढवून पाठवलं, निम्म्यापासून सुरुवात करा. हे तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "40 दे आणि उचल." तर तुमचे चिरंजीव काय म्हणाले असतील? "छे, छे, फार कमी होतात. 260." आजोबा म्हणाले 50. हे म्हणाले 240. मी कुंपणाशी उभी राहून खुणा करतेय, कोण बघतंय! आजोबा म्हणाले, "1982 साली हा कमोडोर 595 डॉलरला घेतला. वर्षभरात 200 च्या आसपास मिळायला लागला. तेव्हापासून मी भावाबद्दल कुणाशी वाद घालत नाही." आणि पुढे अर्धा तास घातला.

अखेर 150 डॉलर आणि डझनभर पुरणपोळ्यांवर तुटलं. पोळ्या कुणी लाटल्या, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमची,
सूनबाई

ता. क. : हे विचारत होते, माळ्यावर त्यांचा कॉलेजातला 486 आहे ना? मी "आहे" म्हणून ठोकून दिलंय. तुम्ही तो भंगारवाल्याला काय किलोने घातलात, ते फक्त मला कळवा.