स्वतःचा केअर प्लॅन कसा लिहावा

नर्सिंगच्या विद्यार्थिनीने ताण आल्यास घाबरू नये. तो अभ्यासक्रमातच आहे. हान्स सेल्ये यांनी त्याचे तीन टप्पे सांगितले: धोक्याची घंटा, प्रतिकार, थकवा. पहिला टप्पा सकाळी इन्चार्ज सिस्टर दिसताच सुरू होतो, दुसरा दुपारच्या लेक्चरला, तिसरा हॉस्टेलवर जर्नल उघडल्यावर. तिन्ही एकाच दिवसात उरकत असल्याने वेगळी उजळणी लागत नाही.

कृतीपूर्वी हात धुवावेत. (नर्सिंगमधले प्रत्येक उत्तर इथूनच सुरू होते. काहीच आठवले नाही तरी एवढे लिहून यावे.)

मग निदान. ‘झोप येते’ असे लिहिल्यास वही परत येते. ‘रात्रपाळीशी संबंधित निद्राभंग, पुरावा: टीपीआर चार्टवर पल्सच्या रकान्यात लिहिलेले 98.6’ असे शास्त्रशुद्ध लिहावे. उद्दिष्ट: पेशंट सहा तास झोपेल. उपाय: शांत वातावरण, मंद प्रकाश, कोमट दूध. अंमलबजावणीत ‘दिले’ लिहावे, मग दूध मिळो न मिळो. मूल्यमापनात ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’. हे वाक्य कुठल्याही आजाराला चालते आणि तपासणाऱ्या मॅडमनीही त्यांच्या काळी तेच लिहिलेले असते.

वॉर्डात स्टाफ कमी असेल त्या दिवशी तुम्ही विद्यार्थिनी नसता, स्टाफ असता. सॅम्पल लॅबला न्यावे, रिपोर्ट आणावा, पुन्हा सॅम्पल न्यावे. यातून पुष्कळ शिकायला मिळते, मुख्यतः लॅबचा रस्ता. पाय दुखल्यास ते अनुभवात धरावे, तक्रारीत नव्हे. मुलांनाही हेच नियम लागू. त्यांना फक्त ‘ब्रदर’ म्हणून हाक येते आणि जड पेशंट उचलायला आधी बोलावणे येते.

रडू आल्यास ड्रिपचे गणित सोडवावे. 500 एमएल सलाईन, चार तास, 20 थेंबांचा सेट: मिनिटाला 41.67 थेंब. त्या 0.67 थेंबाचे काय करायचे, हा विचार सुरू झाला की रडू आपोआप थांबते. घड्याळ धरून थेंब मोजताना कॉटवरच्या आजी विचारतात, “पोरी, जेवलीस का गं?” पुस्तकात याला थेरप्युटिक कम्युनिकेशन म्हणतात, पण ते नर्सने पेशंटशी करायचे असल्याने आजींना मार्क नाहीत. दिवसभरात हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नसतो, हेही केसबुकात लिहू नये.

परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी पुरते, पदवी मिळायला मात्र प्रॅक्टिकलचे तास 100 टक्के भरावे लागतात. तेव्हा तापाने फणफणायचेच असेल तर सुट्टीत फणफणावे.

एवढे करूनही ताण उरल्यास कॉलेज ताणमुक्तीची कार्यशाळा घेते. ती नाइट ड्यूटी संपलेल्या सकाळी असते आणि तिलाही हजेरी सक्तीची. मागच्या रांगेत, खांबाआड बसावे. पाहुण्यांनी ‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या’ म्हणताच आज्ञा पाळावी. मैत्रिणीने घोरणे ऐकू येताच कोपराने ढोसावे आणि मूल्यमापनात ‘उद्दिष्ट पूर्ण साध्य’ लिहून घ्यावे.