शक्यतो पाडू नये

आमच्या नगरपालिकेने वारसा वास्तूंच्या नियमावलीचा फेरविचार केला. सात महिने केला. चार बैठका झाल्या, एक अभ्यासदौरा झाला (कोकणात, आमच्या गावापासून समुद्र दोनशे किलोमीटर, पण वारसा कुठेही आढळू शकतो), आणि एवढ्या मंथनातून वर आला एक शब्द.

पूर्वीचे वाक्य असे होते : ‘यादीतील वास्तू समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय पाडू नये.’

हरकतींसाठी वर्तमानपत्रात दिलेल्या नोटिशीत आता असे आहे : ‘यादीतील वास्तू समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय शक्यतो पाडू नये.’

नोटीस वाचली तेव्हा मला वाटले, छपाईत काहीतरी घसरले असेल. पाचव्या पानावर, एका बाजूला कुणाच्या तरी अशिलाची मिळकत, दुसऱ्या बाजूला ‘नावात बदल’, मधे सव्वा बोट रुंदीत आमचा इतिहास. म्हणून पालिकेत जाऊन मूळ मसुदा पाहिला. मसुद्यात ‘पुरातन’ हा शब्द तीन प्रकारे लिहिला होता आणि ‘जीर्णोद्धार’ एकदाही धड नव्हता. ‘शक्यतो’ मात्र बिनचूक. खाली पेन्सिलीने बारीक रेघही होती. फार मन लावून लिहिलेला शब्द होता तो.

मराठी माणसाला हा शब्द उलगडून सांगावा लागत नाही. शिंपी ‘शक्यतो गुरुवारी देतो’ म्हणाला की आपण शुक्रवारच्या मुंजीसाठी जुनाच सदरा इस्त्रीला टाकतो. लांबचे आतेभाऊ फोनवर ‘शक्यतो येतोच’ म्हणाले की घरात त्यांच्या नावाची कणीक भिजत नाही. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी ‘गोड शक्यतो टाळा’ असे सांगितले होते. त्यानंतर वडील नऊ वर्षे जगले आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी एक पंगत चुकवली नाही. वाढपी जिलबीचे ताट घेऊन समोर आला की आई डोळे वटारायची, आणि वडील पुढ्यातले पान जरा सरळ करत म्हणायचे, ‘अगं, शक्यतो म्हणालेत ते.’

दिसायला गरीब शब्द. पण वाक्यात शिरला की क्रियापदाला उठवून स्वतः बसतो.

तो शिरवला कोणी, हे कळायला मार्ग नाही. इतिवृत्तात एवढेच आहे की ‘सांगोपांग चर्चा होऊन सर्वानुमते शब्द समाविष्ट करण्यात आला’. बैठकीला हजर असलेल्या एका गृहस्थांकडून कळले ते असे : एका सदस्यांना ‘पाडू नये’ ही भाषा तुसडी वाटली. नागरिकांशी सौजन्याने बोलले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. हे सदस्य स्वतः बांधकाम व्यवसायात असल्यामुळे त्यांना भाषेची जाण आहे.

सौजन्याला माझी ना नाही. पण मग ते सगळीकडे हवे. घरपट्टीचे बिल मी पुन्हा काढून पाहिले, पुढून पाहिले, मागून पाहिले. ‘घरपट्टी शक्यतो मुदतीत भरावी’ असे त्यावर कुठेही नाही. तिथे दरमहा 2 टक्के शास्ती आहे. नळजोड तोडण्याची तंबी आहे, जप्तीचा उल्लेख आहे, आणि तो जाड टाइपात आहे. म्हणजे पालिकेला तुसडे मराठी उत्तम येते. दोनशे वर्षांच्या वाड्यापाशी आले की मात्र तिला एकदम तिची आई आठवते, आणि आईने शिकवलेले गोड बोलणे आठवते.

नेमके बोलणे वारशाच्या कायद्यालाही जमते. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. त्या अंतरांवर भांडणे पुष्कळ आहेत, त्यात पिढीजात राहणाऱ्यांचे हालही आहेत; पण टेप धरली की आकडा येतो. शक्यतो 100 मीटर असे टेपवर छापता येत नाही. आमच्या दुर्दैवाने गावात त्या यादीतले एकही स्मारक नाही. जे आहे ते सगळे पालिकेच्या पदरात.

मुंबईत 1995 साली वारसा नियमावली आली, देशात पहिल्यांदा. तिथल्या श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन उशिरा का होईना आमच्याकडेही पोचल्या. श्रेणी तीन मिळालेले आमच्या पेठेतले एक गृहस्थ भडकले, ‘आमचा वाडा काय थर्ड क्लास आहे?’ म्हणून. श्रेणी एक मिळालेले त्याहून भडकले. कारण एक म्हणजे खिळासुद्धा विचारून ठोकायचा, हे त्यांना वकिलाने समजावून सांगितले होते. यादी लागली त्या आठवड्यात पालिकेत गर्दी झाली ती वारसा पाहिजे म्हणणाऱ्यांची नव्हती, वारसांची होती. एकेका वाड्याला वीस-वीस वारस. नको असलेला वारसा आणि हवा असलेला हिस्सा, दोन्हींचे अर्ज एकाच खिडकीवर.

आणि खरे सांगू का, पालिकेने शब्द शोधण्याचे एवढे कष्ट घ्यायलाच नको होते. जुन्या नियमात बंदी होती ती पाडण्याला. पडण्याला नव्हती. फरक एका कान्याचा, पण त्या कान्यातून आमच्या पेठेतले अर्धे वाडे गेले. पाडायचा असेल तर अर्ज, नकाशा, चारही बाजूंची छायाचित्रे, समिती, ‘पुढील बैठकीत विचारार्थ’. पडायचा असेल तर काही लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या रात्री आढ्याजवळची दहा-बारा कौले काढून ठेवायची. कोणी विचारलेच तर माकडांचे नाव सांगायचे. माकडे हरकत घेत नाहीत. पुढचे काम पावसाकडे. वाड्याच्या वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. डोक्यावर छप्पर आहे तोवर पिढ्यान्पिढ्या उभ्या राहतात, माथ्यातून पाणी मुरायला लागले की दोन-तीन पावसाळ्यांत बसतात. पहिल्या वर्षी भिंत ओल धरते. दुसऱ्या वर्षी पोट काढते. तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजतात, कडीपाट खाली झुकतो, आणि मग पालिकेचाच दुसरा विभाग छत्री घेऊन येतो आणि नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 195 ची नोटीस डकवतो : इमारत धोकादायक झाली असून ती तात्काळ उतरवून घ्यावी. उतरवून! चुलीवरची कढई उतरवतात तशी. म्हणजे एका विभागाचा कागद सांगतो, हात लावाल तर याद राखा. दुसऱ्याचा कागद सांगतो, हात लावला नाहीत तर याद राखा. दोन्ही कागद एकाच दिंडी दरवाजावर, एकाच खळीने, गणेशपट्टीच्या सोंडेवरून चिकटवलेले. मालकाने कोणता पाळायचा? जो पाळल्यावर सात मजले होतात तो. शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद होते, शनिवारी पहाटे जेसीबी येतो, सोमवारी पंचनामा होतो, ‘अतिवृष्टीने कोसळला’. एका वाड्याच्या पंचनाम्यात अतिवृष्टीची तारीख एप्रिलमधली होती. कोणी विचारले नाही.

आणि जिला आपला वाडा खरोखर जगवायचा आहे तिने काय करावे? आमच्या मागच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. माजघरावरची एक तुळई बदलायची म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. त्यांना सांगण्यात आले, उताऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आणा. उताऱ्यावर तेवीस नावे, त्यातले सहा वारलेले, दोघे परदेशात, एक दीर कोर्टात. शिवाय, काम चुन्यातच करा, सिमेंट चालणार नाही. हे अगदी बरोबर आहे. सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि जुन्या भिंतीला आतून खाते. पण घाणीवर चुना मळून त्यात गूळ, हिरडा घालणारा गवंडी आणायचा कुठून? तो पालिकेच्या ठेकेदारांच्या यादीत नाही. घरपट्टीत सूट? नाही. डागडुजीला अनुदान? ‘तरतूद नाही.’ अभ्यासदौऱ्याला तरतूद होती. आणि ज्या पालिकेने या आजींना चुन्याचे व्याख्यान दिले, तिने गावच्या काळ्या दगडाच्या वेशीला काय केले? ऑइल पेंट! खाली गेरू, वर पिवळा, कमानीच्या कडेने चंदेरी पट्टा. दगडावरचे टाकीचे घाव दिसत होते, तेही बुजवले. समोर लोखंडी अक्षरांत गावाच्या नावापुढे लाल बदाम, आणि बदामाला रात्री दिवा. हे सुशोभीकरण. रंग लावायच्या आधी समितीची पूर्वपरवानगी घेतली होती का, असे मी विचारले. उत्तर आले की समितीचे अध्यक्ष उद्घाटनाला हजर होते. काय बोलणार यावर? मूर्खपणाला मी हसतो, तो माझा धंदा आहे. पण हा मूर्खपणा नाही. सात महिन्यांत या लोकांनी गावात एकाच गोष्टीची डागडुजी केली, ती पळवाटेची. काना चोरून, कौले काढून, माकडांवर ढकलून जे करावे लागत होते ते आता दिवसाढवळ्या, नियमाला धरून करता येईल. अर्जदाराने एवढेच लिहायचे : ‘शक्य झाले नाही.’

मी धुतल्या तांदळासारखा आहे असे नाही. आमचाही वाडा होता. चुलत्यांच्या आणि आमच्या वाटण्या झाल्या, पंधरा वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी एका दुपारी सह्या केल्या आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने खांब, तुळया, चौकटी घनफुटांवर मोजून नेल्या. त्यातला एक खांब मला गेल्या महिन्यात भेटला. हायवेवर एक हॉटेल आहे, ‘वाडा थाळी’वाले. आत शिरलो तर दारातच आमच्या माजघरातला घुसळखांब. त्याला नक्षी नव्हती, नुसता चौकोनी सागवान. पण जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर रवीच्या दोरीने पडलेली खाच होती, बोट बसेल एवढी. आजीच्या, पणजीच्या, आणि त्याआधी कोण असतील त्यांच्या ताकाची. खाच बघायला मी वाकलो तर खाली काही नाही. वर पाहिले, तर खाच माझ्या डोळ्यांसमोर. खांब उलटा उभा केला होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने बापाला विचारले, ‘ही खूण कसली?’ बाप म्हणाला, ‘तलवार टेकवायची जागा.’ मी काही बोललो नाही. थाळीत ताक होते, पाकिटातले.

खांबावर एक पितळी पाटी होती : ‘पुरातन वास्तुठेवा. हात लावू नये.’

मी ती दोनदा वाचली. शक्यतो नव्हते. हॉटेलवाल्याने खांबाचे पैसे मोजले होते.

घरी येऊन हरकत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पालिकेच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या मुलाने अर्ज वरून खाली वाचला.

‘काका, तुमचा वाडा यादीत आहे का?’

‘नाही. आमचा विकला.’

‘मग तुमची हरकत कशाला?’

प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर मला अजून नीट सापडलेले नाही. मी त्याला कायदा दाखवला. 1966 च्या नगररचना अधिनियमाचे कलम 37 कोणत्याही व्यक्तीला हरकत घेऊ देते, वाडा असलेल्याला आणि विकून बसलेल्यालाही. त्याने मुकाट्याने शिक्का मारला. सुनावणीला बोलावतील का, असे मी विचारले. मुलगा सज्जन होता, खोटे बोलणे त्याच्या जिवावर आले असावे.

‘शक्यतो,’ तो म्हणाला.

तर, यादीत वाडा असलेल्यांनो आणि नसलेल्यांनो : नोटिशीपासून एक महिन्याची मुदत आहे, त्यातले एकवीस दिवस गेले. अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घ्या, आपणहून देत नाहीत. खिडकी दुपारी दीड ते अडीच बंद असते.