अभिप्राय कळवणे

केंब्रिज,
रविवार, सकाळपासून पाऊस

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र आणि मावशींच्या बॅगेतून पाठवलेली पुस्तकं, दोन्ही पोचलं. मावशींच्या तेवीस किलोंतले किती किलो तुमच्या पुस्तकांनी खाल्ले, हे त्यांनी विमानतळावरच सांगितलं. त्यापायी चकलीचा डबा कोल्हापुरातच राहिला, हेही सांगितलं. मी ते मनावर घेतलेलं नाही. तुमच्या जावयांनी घेतलंय.

"नुसती वाचून ठेवू नका. भाषा, आशय आणि बोध या तीन मुद्द्यांत अभिप्राय कळवणे," असं तुम्ही लिहिलंत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, पण तिथल्या एकाही सभासदाला असा गृहपाठ कुणी दिला नसेल. शिवाय आमच्या घरात सध्या वेगळंच माप चालतं. ते तुमच्या नातीनं, मुक्तानं बसवलंय. कुठलंही पुस्तक हातात आलं की ती विचारते, "यात कुणी जेवतं का?" आधी मी हसले. मग पाठोपाठ चार-पाच पुस्तकांना ते माप लावून पाहिलं, आणि आता माझंही मत तिच्यासारखंच होत चाललंय. मराठीच्या मास्तरांच्या मुलीनं असं लिहावं हे तुम्हाला रुचणार नाही, पण पुढे वाचा.

पहिला नंबर गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चा. शाळेत असताना तुम्ही ते माझ्या हातात दिलं होतंत तेव्हा मी झाशीची लढाई शोधून तेवढीच वाचली होती. आता सगळं वाचलं. हा माणूस बंड बघायला निघालेलाच नाही, हीच त्यातली मोठी गंमत. पेणजवळच्या वरसईतून काकांबरोबर निघाला तो बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. घरी कर्ज होतं. वाटेत १८५७ उभं राहिलं त्याला तो काय करणार? झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आतच. पण राणीसाहेबांचं वर्णन करताना जितका बारकावा, तितकाच कुठे काय जेवण मिळालं आणि कुणी किती दक्षिणा दिली यातही. म्हणून मला त्यांचं सगळं खरं वाटतं. मिळवलेलं लुटीत गेलं, आणि शेवटी घरी काय आणलं, तर आईवडिलांना स्नान घालायला कावडीतून गंगाजल. पायी! इकडे आम्ही दोन वर्षांनी एकदा घरी येतो आणि चॉकलेटं आणतो, तीही विमानतळावरची.

हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं. तुमचे जावई म्हणाले, "परदेशी कमवायला गेलेल्या मराठी माणसाचं हे पहिलं आत्मचरित्र." मी म्हटलं, झाशी परदेश कुठे? ते म्हणाले, "वरसईहून चालत जाऊन बघ."

'मृत्युंजय'बद्दल मात्र माझं तुमचं भांडण होणार. शिवाजी सावंतांनी कर्णाची गोष्ट कर्णाकडून, कुंतीकडून, वृषालीकडून, दुर्योधनाकडून, शोणाकडून आणि कृष्णाकडूनही सांगून घेतली. कल्पना थोरच. पण सूताच्या घरातला माणूस आणि राजवाड्यातला माणूस एकाच सुरात, इतक्या उपमा देत बोलायला लागले की मी कान झाकून घेते. पंधराव्या वर्षी मी याच पुस्तकावर रडले होते, हे आई तुम्हाला सांगेलच, म्हणून मीच आधी सांगते. तेव्हा मला उपमा आवडायच्या. आता त्याच कर्णासाठी मी इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' उघडते. बाई कुणालाच माफ करत नाहीत, भीष्मालासुद्धा नाही, आणि एकदाही आवाज चढवत नाहीत. दोन्ही पुस्तकं १९६७ ची आहेत, हे बघून मला फार मौज वाटली. तुम्ही दोन्ही एकाच कपाटात कशी ठेवता कोण जाणे.

इथल्या पुस्तकांचंही सांगते. मिल रोडवर धर्मादाय दुकानांतून जुनी पुस्तकं चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळतात. तिथे डोरोथी सेयर्सचं 'द नाइन टेलर्स' मिळालं, १९३४ चं. ही बाई लहानपणी इथूनच जवळ, दलदलीच्या सपाट मुलखात वाढली, वडील पाद्री. गोष्टही त्याच मुलखातली. गावच्या मोठ्या घरातले साहेब वारतात, त्यांना पुरण्यासाठी बायकोची कबर उघडतात, तर आत तिसराच माणूस! गावात काय बोललं गेलं असेल, याचा आईनं विचार करावा.

पण खून बाजूलाच राहतो, खरं पुस्तक आहे देवळातल्या घंटांचं. इथे घंटा सूर लावून वाजवत नाहीत, क्रम बदलत वाजवतात. आठ घंटा असतील तर चाळीस हजार तीनशे वीस क्रम होतात. सगळे वाजवून काढायला रात्र पुरत नाही. नव्या वर्षाच्या रात्री गावकरी सलग नऊ तास घंटा वाजवायला बसतात. ऐनवेळी एकाला फ्लू होतो आणि गाडी घसरून गावात अडकलेल्या गुप्तहेरालाच दोर धरावा लागतो. कुणी मेलं की पुरुषासाठी नऊ ठोके, बाईसाठी सहा. मेल्यावरही तीन ठोके कापलेच! तुमचे जावई ते क्रम कागदावर मांडत बसले आणि प्रेताकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. खुनी कोण हे मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "हो का? कुणाचा खून?"

त्याच संध्याकाळी त्यांनी चकली करायला घेतली. मावशींनी पुस्तकांच्या तळाशी 'रुचिरा' घातलं होतं ना, ते त्यांनी रोज रात्री उशाशी घेऊन कादंबरीसारखं वाचून संपवलं. कमलाबाई ओगल्यांचं त्यांना पटलं ते एकाच कारणासाठी: माप वाटी-चमच्याचं, आणि बाई उगाच वर्णन करत नाहीत. पण १९७० साली पुस्तक काढताना कमलाबाईंना इथल्या स्वयंपाकघरातली धुराची घंटा माहीत असायचं कारण नव्हतं. तेल तापलं आणि ती किंचाळायला लागली. मुक्ता टॉवेल हलवत होती, शेजारच्या आजी दारात आल्या, आणि जावई शांतपणे चकली उलटत होते. आजींनी दोन खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून नेली. चकल्या मऊ पडल्या होत्या, हे आईला कळवू नका.

भुतांचं वाचायला मला अंधारात भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी एम. आर. जेम्स घेतला. हे गृहस्थ इथल्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख होते, आणि नाताळात मित्रांना दिव्याशेजारी बसवून स्वतःच्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे. पहिला संग्रह १९०४ चा. त्यांची माणसं व्यवस्थित जेवतात, गोल्फ खेळतात, आणि मग नको ते जुनं काहीतरी उकरून काढतात. एका गोष्टीत प्राध्यापकांना एक शिट्टी सापडते, आणि रात्री शेजारच्या पलंगावरची चादर उठून बसते. बाबा, इथे नोव्हेंबरात कपडे घरातच वाळवावे लागतात. रात्री पाणी प्यायला उठले तर बैठकीत पांढरी चादर उभी! मी केलेला आवाज धुराच्या घंटेहून मोठा होता, असं मुक्ता म्हणते. म्हणून सांगते, भुतांच्या बाबतीत मी नारायण धारपांच्या पक्षात. त्यांच्याकडे निदान भुताला आवरायला समर्थ येतात. जेम्सकडे कुणीही येत नाही, सकाळ होईपर्यंत तुमचं तुम्ही बघा.

मुक्ताचे अभिप्राय तिच्याच शब्दांत. 'फास्टर फेणे': "छान आहे, पण तो सायकलवर हेल्मेट का घालत नाही?" भा. रा. भागवतांच्या वतीनं मला उत्तर देता आलं नाही. 'टॉम्स मिडनाइट गार्डन', फिलिपा पियर्सचं, १९५८ चं: "एकदम बेस्ट, कारण मावशी टॉमला इतकं खायला घालते की त्याला झोपच येत नाही, म्हणून तर घड्याळाचे तेरा ठोके ऐकू येतात." भावाला गोवर म्हणून टॉमला मावशीकडे धाडलेलं असतं. त्यातली बाग इथून सायकलच्या अंतरावर, ग्रेट शेलफर्डच्या गिरणीच्या घराची. पुस्तकात मुलं गोठलेल्या नदीवरून स्केटिंग करत थेट ईलीपर्यंत जातात. मुक्ता आता रोज सकाळी नदी गोठली का बघते आणि चिखल घेऊन परत येते.

नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' मी मुद्दाम इथे वाचलं, कारण त्यांतलं एक नगर हे. बापलेक दोघंही इथले गणितातले रँग्लर. त्याही आधी, १८९९ साली, मुर्डीचे रघुनाथराव परांजपे इथे सीनियर रँग्लर झाले होते. हे वाचल्यापासून जावई मुक्ताच्या गणिताच्या वहीकडे वेगळ्या नजरेनं बघतात आणि मुक्ता वही लपवते. मला मात्र नारळीकरांची दुसरीच गोष्ट आवडते: मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! नाव पाहून बक्षीस मिळू नये एवढ्यासाठी. बक्षीस मिळालंच.

तर पुढच्या खेपेला धारप दोन, 'स्मृतिचित्रे' एक (लक्ष्मीबाई टिळकांच्या घरात जेवणावरून काय काय होतं ते मुक्ताला वाचून दाखवायचंय), आणि हजार पानांची ऐतिहासिक कादंबरी एकही नको. तेवढ्या वजनात आईची भाजणी बसते.

परत येणाऱ्या मावशींबरोबर 'द नाइन टेलर्स' पाठवतेय. शेवटचं पान तुम्ही आधी वाचता, असं आईनं फोनवर सांगितलं, म्हणून जावयांनी शेवटची वीस पानं स्टेपल केली आहेत. पिना आईनं काढायच्या, तुम्ही तिथवर पोचल्याची तिची खात्री पटल्यावर.

आईला नमस्कार.

तुमची,
वैशाली